पायथ्याची सतरंजी

कमलाकर नवले यांनी मला वेल्समधल्या स्नोडनचं शिखर दाखवलं ते कॉव्हेंट्रीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, हातात मोदकाचं ताट धरून. "एका अंगाला समुद्र दिसतो," ते म्हणाले, "आणि खाली एक तळं आहे, दौतीतल्या शाईसारखं काळंनिळं. ढग आला की मात्र शेजारचा माणूस दिसत नाही. हात धरून उभं राहायचं." सांगणं इतकं खरं होतं की मी तिथल्या तिथे पुढच्या मे महिन्यातल्या सहलीला नाव देऊन टाकलं.

मी तेव्हा पुण्याहून नुकतीच आले होते, एका विमा कंपनीत लागले होते आणि नवलेकाकांच्याच घरी वरच्या खोलीत राहत होते. सहलीच्या दिवशी स्नोडनच्या पायथ्याशी आमची बस थांबली. सगळे बुटांच्या नाड्या बांधायला लागले. काकांनी मात्र लाल-निळ्या पट्ट्यांची एक सतरंजी काढली, पार्किंगच्या कडेला गवतावर अंथरली आणि बायकोला, सुलक्षणामावशींना, हात देऊन तिच्यावर बसवलं. मग स्वतःही मांडी घालून बसले.

"काका, तुम्ही येत नाही?"

"मी? मी कधीच वर गेलो नाही."

मी तशी तोंडाची फटकळ. "मग समुद्र कुणी पाहिला?" असं विचारून मोकळी झाले. काका हसले आणि थर्मासचं झाकण फिरवायला लागले.

तर हा माणूस असा. मंडळाच्या सहली त्यांनीच सुरू केल्या. स्नोडन, लेक डिस्ट्रिक्ट, स्कॉटलंडचे डोंगर, एकही सोडला नाही, आणि सगळे पायथ्यावरून पाहिले. त्यांचे नियम दोनच. खाली कुणाला एकटं बसवायचं नाही, हा पहिला. आणि वर गेलेल्यानं उतरल्यावर आधी सतरंजीवर बसून वर काय होतं ते सांगायचं, मग चहा, हा दुसरा. चहासाठी हपापलेली माणसं भराभर बोलत आणि काका ते मनात साठवून ठेवत. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून त्यांचा डोंगर असा काही तयार झाला होता की तो चढून आलेल्यालासुद्धा आपण काही पाहिलंच नाही असं वाटावं. मंडळात त्यांना पायथेकाका म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक आहे.

गंमत म्हणजे काका मूळचे अकोले तालुक्यातले. रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई म्हणजे त्यांच्या लहानपणीचं अंगण. शाळा बुडवून गडावर, शाळा सुटल्यावर गडावर. सुलक्षणामावशींना बघायला संगमनेरला गेले तेव्हाही आदल्याच दिवशी रतनगडावरून घसरून गुडघा फोडून घेतला होता. मुलीचा डावा पाय पोलिओनं अधू आहे हे तिच्या वडिलांनी आधीच कळवलं होतं. मुलगाही लंगडतच घरात शिरला तेव्हा आतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मावशी सांगायच्या, "पोहे घेऊन मी लंगडत बाहेर आले, तर हे लंगडत उठून उभे राहिले. म्हटलं, जोडा तर जमला."

लग्नानंतर लवकरच ते कॉव्हेंट्रीला आले. काका मोटारींच्या कारखान्यात रात्रपाळीला, मावशी दिवसा शाळेच्या किचनमध्ये. ते घरी यायचे तेव्हा त्या निघायच्या. शनिवार-रविवारी घर पाहुण्यांनी भरलेलं. भाचे, पुतणे, त्यांचे मित्र, पुढे आमच्यासारखे व्हिसावर आलेले आणि भाड्याचं घर मिळेपर्यंत टेकलेले. त्या घरात कुणी कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. मुलगा गंधारसुद्धा त्या गर्दीतच वाढला. आता तो लंडनमध्ये ईलिंगला असतो आणि आपल्या घरात पाहुणा दोन दिवसांवर टिकू देत नाही. त्याचंही बरोबरच आहे म्हणा.

मीही चार महिने टेकले होते. नंतर स्वतःचं घर झालं तरी त्यांच्याकडचा चहा सुटला नाही.

गेल्या वर्षी मंडळाचा सेक्रेटरी यतीन याच्या डोक्यात आइसलंड शिरलं. यतीन सॉफ्टवेअरमधला, एकदा त्यानं ठरवलं की ठरलं. "काका, canyons बघायचे, proper canyons," तो म्हणाला. "मिनीबस मी चालवतो. तुम्ही फक्त या." इतकी वर्षं दुसऱ्यांना नेणाऱ्या माणसाला आता कुणीतरी नेणार होतं. मावशींचा चांगला पायही एव्हाना थकला होता, त्या चाकाच्या खुर्चीत होत्या. विमान, मिनीबस, रोज नवं मुक्कामाचं ठिकाण, हे त्यांना झेपणारं नव्हतं. काका म्हणाले, मीही जात नाही. मावशी म्हणाल्या, तुम्ही जाताय.

निघण्याच्या आधी त्यांनी मला बोलावून घेतलं. काका बाजारात गेले होते. पलंगावर त्यांची बॅग उघडी होती आणि तिच्यात अर्धी जागा सतरंजीनं अडवली होती.

"बघ ना," मावशी म्हणाल्या, "मी म्हटलं, ह्या वेळी कुणासाठी? तर म्हणाले, असू दे. नीना, तू एक कर. ह्यांना खाली बसू देऊ नकोस."

"मावशी, ते ऐकतात का माझं?"

"ऐकायला लाव. तुझं तोंड कधी उपयोगी पडणार?" त्यांनी बॅगेतल्या सतरंजीवरून हात फिरवला. "मी आले आणि ह्यांचा डोंगर सुटला गं. कधी बोलून दाखवलं नाही त्यांनी. पण मला डोळे नाहीत का? दर सहलीला सगळे चढायला लागले की हे वळून वळून त्यांच्याकडे बघायचे. अगदी शेवटचा माणूस दिसेनासा होईपर्यंत. एका पायापायी दोन माणसं पांगळी झाली, असं वाटायचं. मी मरायच्या आत त्यांनी एकदा वर जाऊन यावं, एवढंच आहे माझं. ते परत आले की मी विचारणार आहे आणि मला खोटं कळतं."

मी शब्द दिला. न देऊन जाते कुठे?

आइसलंडमध्ये उतरलो आणि पहिली गोष्ट कळली ती ही, की तिथल्या दऱ्यांची नावं आपल्या जिभेला वळत नाहीत. यतीननं दोन दिवस प्रयत्न केला आणि मग एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशी बारशी करून टाकली. आम्ही मोजकीच माणसं होतो. यतीन, त्याची इंग्लंडमध्येच जन्मलेली मुलगी सिया, पुण्याहून आलेली त्याची आई वैजयंतीकाकू, मंडळातली दोन जोडपी, मी आणि काका.

एक नंबरला उतरलो. वारा असा की दार उघडायला दोघं लागली. मी काकांचा दंड पकडायला वळते तर काका आधीच सतरंजी अंथरत होते.

"वैजयंतीताईंना चढ झेपणार नाही," ते म्हणाले. "खाली कुणाला एकटं बसवायचं नाही."

वैजयंतीकाकूंना खरं तर मिनीबसमध्ये उबेत बसून फोनवर मालिका बघायची होती. पण काकांनी त्यांना आग्रहानं खाली उतरवलं, शाल पांघरली आणि हातात चहा दिला. स्वतःचाच नियम ढालीसारखा पुढे धरलेल्या माणसाशी काय भांडणार? मी धुसफुसत वर गेले. दरी सुंदर होती असं सगळे म्हणाले. मला मात्र रागानं काही धड दिसलं नाही.

खाली येते तर वारा सतरंजीशी झुंजत होता. सिया धावली, "काका, तुझा सतरंजी उडाला!" काकांनी चारी टोकांवर दगड ठेवले आणि तिला शेजारी बसवलं. "हं, सांग. वर काय होतं?" सियानं तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत सगळं सांगितलं. नदी हिरवी होता, दगड असे उभे होता, लायब्ररीतल्या पुस्तकांसारखे, it was awesome. काका मान डोलावत ऐकत होते.

संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर त्यांनी मावशींना फोन लावला. मी शेजारच्याच खुर्चीत होते. "नदी हिरवीगार गं," काका सांगत होते, "आणि दगड कसे, लायब्ररीतली पुस्तकं उभी लावावीत तसे. अगदी ऑसम." मला संताप आला. पलीकडून मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग "जेवलात का?" एवढंच विचारलं.

दोन नंबरला पाऊस भुरभुरत होता. वैजयंतीकाकू मुक्कामीच थांबल्या होत्या, त्यामुळे म्हटलं, आता ढाल गेली. तर काकांनी मिनीबसचं मागचं दार वर उचललं, त्याच्या आडोशाला सतरंजी घातली आणि म्हणाले, "गुडघा दुखतोय."

"कुठला?"

त्यांनी जरा विचार करून उजवा दाखवला.

मी इतरांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. ते वळणाआड गेले. काका मान वळवून बघत राहिले, शेवटचं जॅकेट दिसेनासं होईपर्यंत. मावशींनी सांगितलं होतं अगदी तसंच. मग त्यांनी पाय पसरले आणि थर्मास उघडला.

"काका, तुम्ही मावशींशी खोटं बोललात."

"खोटं कसलं? दरी तिथे आहे की नाही?"

"तुम्ही पाहिली नाहीत. त्यांनी तुम्हाला बघायला पाठवलंय. इतक्या लांब येऊन तुम्ही पार्किंगमध्ये चहा पिताय! आता तर अडवायलाही कुणी नाही."

"अडवायला?" काका माझ्याकडे बघायला लागले. "मला कधी कुणी अडवलं?"

त्यांनी झाकणात चहा ओतला आणि माझ्याकडे सरकवला.

"अगं, तू राहिली आहेस आमच्या घरी. कधी आम्हा दोघांना बोलताना ऐकलंस? मी रात्रपाळीला, ती दिवसा. सुट्टीला घर म्हणजे एसटी स्टँड. जिन्यात गाठ पडली की मी विचारायचो, दूध आहे का? संसार झाला तो एवढ्याच बोलण्यावर. वर्षातून एकदा सहल यायची. सगळे वर जायचे. मी नीट बघून घ्यायचो, गेले ना सगळे, कुणी अर्ध्यातून परतत नाही ना. आणि मग आम्ही दोघं. दुपारपर्यंत कुणी यायचं नाही. तिला मी म्हणायचो, यायला वेळ आहे अजून. एकदा तिनं मला तिच्या आईची सगळी गोष्ट सांगितली. एकदा आम्ही नुसते मेंढ्या बघत बसलो. डोंगर काय गं, मी लहानपणी पोटभर चढलोय. हे कुठे मिळत होतं?"

पाऊस टपावर वाजत होता. माझा राग कुठे गेला कळलं नाही. डोळे मात्र भरून आले होते.

"काका, हे मावशींना सांगितलंत कधी?"

"त्यात सांगायचं काय? ती तिथेच तर होती."

"त्यांना माहीत नाही. तुम्ही वळून बघायचात ते त्यांना वाटतं, तुम्हाला वर जायचं असायचं म्हणून. आपल्या पायामुळे तुमचा डोंगर सुटला असं त्या आयुष्यभर मनाला लावून बसल्यात. मला त्यांनी स्वतः सांगितलं."

काकांनी हातातला कप खाली ठेवला. तो नीट टेकला नाही, चहा सतरंजीवर सांडला. त्यांनी तो पुसलासुद्धा नाही. बाकीचे उतरून आले, सिया नियमाप्रमाणे शेजारी बसून सांगायला लागली, "काका, एक waterfall होता," पण काकांचं लक्ष नव्हतं. मंडळाच्या इतिहासात असं प्रथमच घडत असावं. त्या संध्याकाळी त्यांनी मावशींना फोन केला तो फक्त औषधाची आठवण करून द्यायला.

तीन नंबर परतीच्या वाटेवर होती. पार्किंग खाली नदीकाठी आणि तिथून पायवाट दरीच्या काठाकाठानं वर चढत गेलेली. काकांनी उतरल्या उतरल्या सतरंजी काढली. मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी ती गवतावर पसरली, चारी टोकांना दगड ठेवले, मधोमध थर्मास ठेवला, आणि उभे राहून टोपी कानांवर ओढली.

"चल," ते मला म्हणाले.

वैजयंतीकाकूंनी मिनीबसच्या खिडकीतून हात केला. "जा हो तुम्ही! मी मजेत आहे!" नियम मोडला जातोय याचं त्या माउलीला काहीच वाटत नव्हतं.

शहात्तर वर्षांचा माणूस चढतो कसा याची मला धास्ती होती. पण काकांच्या पायांना चढ आठवत होता. घाई नाही, मध्ये बोलणं नाही, पाऊल पूर्ण टेकवल्याशिवाय दुसरं उचलायचं नाही. धापा मी टाकत होते. एका वळणावर वाटेलगत उघडा कातळ होता. काकांनी हातमोजा काढला आणि त्याच्यावर तळवा ठेवला. "काळा पाषाण," ते म्हणाले. "हा तर आपल्याकडचाच."

वर पोचलो. खाली दरी वेडीवाकडी वळत गेली होती, दोन्ही अंगांना काळे कडे, त्यांच्यावर हिरवं शेवाळ, तळाशी नदी. काकांनी पाहिली. चांगली पाहिली. आणि मग त्यांनी दरीकडे पाठ केली आणि आलो त्या बाजूला खाली बघत उभे राहिले.

"काका, दरी इकडे आहे."

ते हलले नाहीत. यतीन फोटोसाठी हाका मारत होता, "काका, this side please!" तरी नाही. वाऱ्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्यानंच असेल असं समजून मी पुढे काही विचारलं नाही.

कॉव्हेंट्रीला परतलो. काकांची बॅग पोचवायला म्हणून मी त्यांच्याबरोबर घरात गेले, पण खरं म्हणजे मला पुढचं ऐकायचं होतं. मावशी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. अंगावर चांगली साडी होती, केसही नीट विंचरले होते.

"बसा," त्या म्हणाल्या. "आधी सांगायचं. मग चहा."

काका समोर स्टुलावर बसले, परीक्षेला बसल्यासारखे.

"पहिल्या दोन दऱ्या मी पाहिल्या नाहीत. पहिलीचं फोनवर सांगितलं ते सियाचं होतं."

"कळलं मला. तुम्ही ऑसम म्हणालात."

"तिसरीवर गेलो. अगदी वर. नीनाला विचार."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांचा चेहरा एकदम असा सैलावला की मला वाटलं, झालं, काम फत्ते.

"मग? वर काय होतं?"

"दरी होती. मोठी. रतनगडाला आहे तसाच कातळ. हात लावला." काकांनी तळवा उघडून बघितला. "आणि मग मी खाली बघितलं. सतरंजी अंथरून गेलो होतो. मला इतकी वर्षं वाटायचं, वर गेलेल्यांना आपण दिसत असू का? दिसतो गं. आपली सतरंजी वरून स्पष्ट दिसते. एवढीशी, लाल-निळी. पण रिकामी होती. रिकामी फार वाईट दिसते ती."

"मी वळून बघायचो ना, सगळे चढायला लागले की? मला नव्हतं जायचं त्यांच्याबरोबर. ते गेले का, एवढंच बघायचो. कधी एकदा जातात आणि आपण दोघंच उरतो, असं व्हायचं मला. वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघायचो मी, सुलक्षणा."

त्यांनी बायकोला नावानं हाक मारलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मला वाटलं होतं मावशी हसतील. त्या भडकल्या. "आणि हे आत्ता सांगताय? मी त्या सतरंजीवर एक दिवस सुखानं बसले नाही! तुम्ही म्हणायचात, यायला वेळ आहे अजून, आणि मला वाटायचं कंटाळलात. मी मनात देवाला म्हणायचे, लवकर खाली येऊ देत रे सगळे, सुटू देत हे एकदाचे. तुम्ही शेजारी बसून सुखात होतात आणि मला सांगितलं नाहीत! एकदा सांगायचं होतं हो. एकदा तरी." आणि त्या रडायला लागल्या, लहान मुलीसारख्या, मोठ्यानं.

"मला वाटलं, तुला कळतंय," काका म्हणाले.

माणसं एवढी शहाणी असून एवढी मूर्ख कशी असतात, हे मला त्या घरानं शिकवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. तो करताना मीही रडून घेतलं, म्हणजे दोन कामं एकदम झाली.

कप घेऊन बाहेर आले तर काकांनी बॅग उघडली होती. सतरंजी उलगडताना तिच्यातून आइसलंडची काळी वाळू गालिच्यावर सांडली. एरवी मावशींनी घर डोक्यावर घेतलं असतं. काकांनी सतरंजी त्यांच्या खुर्चीसमोर अंथरली, एक हात खुर्चीच्या चाकावर टेकून हळूहळू खाली बसले आणि त्यांच्या अधू पायाला पाठ लावली. मी दोन कप तिथे ठेवले आणि जॅकेट उचललं.

दारात चपला घालताना मागून काकांचा आवाज आला, "सगळे वर गेलेत. यायला वेळ आहे अजून."

मावशींनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, "येऊ देत सावकाश."